कावो म्हणालो, कावा प्यायलो

हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. सख्ख्या भावाला नाही, देवापुढे हात जोडले तेव्हाही नाही. तिथेसुद्धा मी आपलं ‘सगळ्यांना सुखी ठेव’ म्हणून पळ काढत आलो. आता तुमच्यापुढे बसलोय खरा, पण सुरुवात कुठून करावी ते कळेना. म्हणजे बघा — खून नाही, दरोडा नाही, नुसतं कातडीचं प्रकरण आहे.

कातडीपासूनच करतो.

नव्वदीच्या मधल्या सालांतली गोष्ट. सुरतेत उधन्याला राहायचो, बायको सुमन, मुलगी मीनल आणि मी. इच्छापोरला एका ठेकेदाराच्या यार्डात स्टोअरकीपर होतो. एका हिवाळ्यात माझ्या नडग्या कोरड्या पडायला लागल्या. खाजवलं की पांढरी रेघ. म्हटलं, थंडी आहे, होतं. थंडी गेली, होळी पेटली, आणि कोरडेपणा नडग्यांवरून मांड्यांवर, मग हातांवर, मग कपाळावर चढला. खवले सुटायला लागले — अहो, खरोखरचे खवले, मासा साफ करायला घ्यावा तसे. सकाळी अंथरूण झटकलं की सुमन दुसरीकडे बघायची, मला वाईट वाटू नये म्हणून.

आणि मग सल्ले! ज्याला त्याला कारण माहीत. एक म्हणाला, बोअरचं पाणी जड आहे, बादलीला बघा कसा थर बसतो. दुसरा म्हणाला, साबण बदला. बदलला. तिसरा म्हणाला, हजिऱ्याकडचा वारा, त्या कंपन्यांचा धूर अंगात भिनतो. मग माझ्याशेजारी बसणाऱ्या त्याच वाऱ्यातल्या बाकीच्यांना काही का होत नव्हतं? धुळ्याहून आई आली, माझा हात हातात घेऊन म्हणाली, “तुनी कातडी अशी काब्रं व्हयनी रे भाऊ?” आणि निंबाचा पाला उकळून रोज पेलाभर पाजायला लागली. कडू जहर! प्लेगचं साल नुकतंच होऊन गेलेलं, सुरतेत कुणी नुसतं खोकललं तरी लोक बाकावरून उठायचे. कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. उभे राहून जायचे लेकाचे, पण बसायचे नाहीत.

मला भयंकर चीड यायची. पाण्याची, साबणाची, बसमधल्या लोकांची, आईच्या काढ्याची. घरात आदळआपट करायचो. पण खरं सांगू? त्या चिडण्यात अर्ध्याहून जास्त नाटक होतं. कारण — कारण मला कारण माहीत होतं.

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक म्हातारे गृहस्थ राहायचे. सगळे त्यांना फिजीवाले काका म्हणायचे. मूळचे नवसारीकडचे, उभा जन्म फिजी बेटांवर दुकान चालवण्यात गेला, तिकडे गडबड झाली तसे उतारवयात परत आले. मुलगा न्यूझीलंडला. तिकडून कुणी ना कुणी येताना एका झाडाच्या मुळांची पूड घेऊन यायचं. तिला म्हणतात कावा. ती पूड फडक्यात बांधायची आणि तसराळ्यातल्या थंड पाण्यात मळून मळून पिळायची. गढूळ पाणी होतं नुसतं. करवंटीतून एका दमात प्यायचं. पिण्याआधी एक टाळी, प्यायल्यावर तीन, असा तिकडचा रिवाज. चव विचाराल तर मातीची. जीभ बधिर होते, ओठ बधिर होतात, आणि मग — कसं सांगू — दिवसभर डोक्यात चाललेली घरघर थांबते. यार्डात ठेकेदाराचा पुतण्या चारचौघांत माझा पाणउतारा करायचा. बोल्ट कमी भरला तर मी चोर, जास्त निघाला तर मी गाढव. काकांच्या ओट्यावर करवंटी रिकामी केली की तो पुतण्या, ते यार्ड, सगळं लांब कुठेतरी जायचं. संध्याकाळी बसमधून उतरलो की माझे पाय आधी तिकडे वळायला लागले.

पहिल्या की दुसऱ्या संध्याकाळीच सुमन जिन्यात भेटली. काय पिऊन आलात, तोंडाला कसला वास येतोय? मी काही बोलायच्या आत काकाच हसत म्हणाले, “कावानी मजा छे, बेन! भाईने पण टेव पडी जशे.” टेव म्हणजे सवय.

आता इथे नीट ऐका, कारण सगळी गोम इथेच आहे. सुरतेत लाऱ्यांवर, म्हणजे हातगाड्यांवर, कावो मिळतो. सुंठ, मिरी, लिंबू, मीठ घातलेलं गरम पाणी, थंडीत लोक फुंकून फुंकून पितात. आणि गुजरातीत ‘कावोची मजा’ म्हणायचं तर ‘कावानी मजा’च म्हणतात. सुमनने ऐकलं ते बरोबरच ऐकलं. तिचा चेहरा खुलला. म्हणाली, “कावो होय! मग बरंच की. चहा तरी कमी होईल.” एका काना-मात्रेचा फरक. मी तोंड उघडून सांगायचं होतं — अगं, तो नव्हे, हा दुसराच. नाही सांगितलं. मराठीत कावा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नकोच.

का नाही सांगितलं? सुमनचे वडील दारूपायी गेले. लहानपणी तिने त्यांना गटाराच्या कडेवरून उचलून आणलेलं होतं. आमचं लग्न ठरताना बाकीचे देण्याघेण्याचं बोलत होते, आणि ही पोरगी माझ्याकडे न बघता एवढंच विचारून गेली, “तुम्हाला कसली नशा नाही ना?” मी म्हटलं, सुपारीचं खांडसुद्धा नाही. तेव्हा ते खरं होतं. आता कावा म्हणजे काही दारू नव्हे. माणूस बरळत नाही, झोकांड्या खात नाही. मी रोज स्वतःला बजावायचो, ही दारू नव्हे, ही दारू नव्हे. मग लपवत कशाला होतास रे बाबा? आणि चार करवंट्या झाल्यावर जिना चढताना कठडा का धरावा लागायचा?

उन्हाळा आला तेव्हा तीच म्हणाली, आता कावो गरम पडेल, ताक प्या. मी म्हटलं, काका थंड कावो करतात. थंड कावो! अख्ख्या सुरतेत कुणी ऐकलाय का? पण तिने विश्वास ठेवला. मी घरी आल्यावर पूर्वीसारखा खेकसत नव्हतो ना, म्हणून तिला तो कावो आवडायचा. एखादा दिवस उशीर झाला तर तीच म्हणायची, जाऊन या की काकांकडे.

कातडीचं काकांनीच सांगितलं होतं. त्यांच्या नडग्याही तशाच. माझा हात उलटा-सुलटा करून म्हणाले, “आ तो कावानी चामडी छे.” तिकडे म्हणे पोरासोरांनाही माहीत असतं, रोज पिणाऱ्याची ओळख हीच. कशाने होतं ते मात्र कुणी धड सांगत नाही. कुणी म्हणतं लिव्हरवर ताण येतो. कुणी म्हणतं एखादं व्हिटॅमिन कमी पडतं, पण तिकडच्या डॉक्टरने गोळ्या देऊन पाहिल्या, फरक शून्य. कुणी म्हणतं, हे प्यायलं की भूक मरते, माणूस रात्रीचा जेवत नाही, मग कातडीला तेल कुठून मिळणार? कुणी उन्हावर ढकलतं. कारण काहीही असो, काका म्हणाले, उतारा एकच. महिनाभर बंद ठेव, आपोआप सगळं साफ होईल. मी म्हटलं, बंद करायला पाहिजे. आणि करवंटी पुढे केली.

सुमन मला कातडीच्या डॉक्टरकडे घेऊन गेली तो दिवस आठवला की अजून स्वतःचीच चीड येते. त्यांनी विचारलं, काही व्यसन? माझ्याआधी हीच अभिमानाने बोलली, छे हो, फक्त संध्याकाळी कावो पितात. डॉक्टर खूश! थंडीत मीही पितो म्हणाले. मग कंपनीत केमिकल आहे का, घरात कुणाला होतं का, असं बरंच विचारलं, एक मलम दिलं, गोळ्या दिल्या. मी समोर बसून मान डोलावत होतो. औषधाला गुण येत नाही म्हणून नंतर त्याच डॉक्टरला मी घरी शिव्या दिल्या. चोर तो चोर, वर शिरजोर!

अजून मूळ मुद्द्यावर आलोच नाही. टाळतोय. आता येतो.

सुमन उटणं करायची. तिच्या आईची कृती. आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, गच्चीवर वाळवलेली संत्र्याची सालं, सगळं दळून वस्त्रगाळ करायची. आधी नुसतं दिवाळीला घरापुरतं करायची. मग महाराष्ट्र मंडळातल्या बायकांनी मागितलं, मग शेजारच्या गुजराती बायकांनी, मग उधन्याच्या मेन रोडवरच्या एका दुकानदाराने पुड्या ठेवून घेतल्या आणि दिवाळीसाठी भरपूर करा म्हणाला. दहावी शिकलेली बाई, सगळ्यांसाठी मीनलची मम्मी. आता दुकानात गेली की तो माणूस ‘आवो उटणावाळा बेन’ म्हणायचा. घरी येऊन ती त्याची नक्कल करून दाखवायची आणि स्वतःच हसत सुटायची. एवढी हसरी मी तिला त्याआधी पाहिली नव्हती. नवीन घाणा निघाला की पहिली चिमूट माझ्या हातावर. आणि कातडी बिघडल्यापासून तर रोज — आधी तेल, मग उटणं, चोळून चोळून. गुण येईल, बघा, म्हणायची.

गणपतीत मंडळाच्या महाप्रसादाला मी वाढायला उभा होतो. बाह्या वर केलेल्या, हातात मठ्ठ्याची बादली. एका वहिनींनी माझे हात पाहिले आणि आपली वाटी मागे घेतली. मग तिथूनच सुमनला हाक मारून म्हणाल्या, “अगं, घरच्या माणसाची ही गत, आणि तू आम्हाला उटणं विकतेस होय?” बायका हसल्या. सुमनही हसली. पण तिचे कान लाल झालेले मला दिसले.

घरी आलो. मीनल कपडे बदलायला गेली. सुमन साडीही न बदलता मोरीशी उभी राहिली, पाठ माझ्याकडे. म्हणाली, “खरं सांगा हं. माझ्या उटण्याने तर नसेल होत?”

बस. एवढाच प्रश्न होता. ‘नाही’ एवढं बोलायचं होतं. पुढचं सांगायचंही नव्हतं, कावा नाही, काका नाही, काही नाही. नुसतं नाही. पण ‘नाही’ म्हटलं की ती विचारणार, मग कशाने? आणि डॉक्टर झाले, पाणी झालं, साबण झाला — आता उरलंच काय होतं? ओट्यावरचं ते तसराळं उरलं होतं. मी म्हटलं, “असेलही. आंबेहळदीत भेसळ असेल. मी केव्हाचा म्हणणार होतो.”

मी केव्हाचा म्हणणार होतो! हे शब्द कुठून आले हो? कुणी मागितले होते? नुसतं खापर फोडून माझं भागलं नाही, वर मोठेपणाही हवा होता. आणि तो मिळाला. ती वळली, डोळे भरलेले. म्हणाली, मग बोलला का नाहीत, मी रोज चोळत होते आणि तुम्ही माझ्यासाठी सोसत राहिलात? पुढे कितीतरी दिवस ती सगळ्यांना सांगायची, आमचे हे बिचारे, माझं मन दुखू नये म्हणून बोलले नाहीत. मी ते ऐकत उभा राहायचो.

तिने उटणं बंद केलं, खात्री करून घ्यायला. आणि नशीब बघा — नशीब कसलं, कप्पाळ! — त्याच दिवसांत काका डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नवसारीला भावाकडे गेले. कावा बंद. दिवाळी तोंडावर आली तोवर माझी कातडी मऊ, साफ, लहान मुलासारखी. सुमनने माझ्या हातावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “हाताच्या काकणाला आरसा कशाला?”

मग ती दुकानातून सगळ्या पुड्या परत घेऊन आली. आणि ज्या ज्या घरी उटणं दिलं होतं त्या त्या घरी गेली. हात जोडून सांगून आली, लावू नका, माझ्याकडून चूक झाली. त्या वहिनींकडेही गेली. त्या म्हणाल्या, बरं झालं वेळेवर कळलं. एकीच्याही अंगावर साधी पुळी उठलेली नव्हती. तरी कुणी म्हणालं नाही, अगं, आम्हाला तर काहीच झालं नाही. ते म्हणणं माझं काम होतं. उरलेलं उटणं तिने खाडीत टाकायला काढलं तेव्हा पिशवी जड होती. मी म्हटलं, आण इकडे, तू नको उचलू. मी ती नेऊन ओतली आणि वर पिशवी झटकून घडी करून घरी आणली.

तेव्हा तरी कावा सोडला असेल, असं तुम्हाला वाटत असेल. काका परत आले, नवी पूड आली, मी पुन्हा ओट्यावर. थोड्या महिन्यांत पुन्हा खवले. सुमन हादरली. उटणं तर आता घरातच नव्हतं. ती फक्त खोबरेल तेल लावत होती, साधं, दुकानातलं. बराच वेळ ती स्वतःच्या तळव्यांकडे बघत बसली. मग म्हणाली, “म्हणजे माझ्या हातातच काहीतरी वाईट आहे.” मी म्हटलं, वेड्यासारखं बोलू नकोस. खेकसलोच. पण वेड्यासारखं का, ते सांगितलं नाही. त्या दिवसापासून तेलाची वाटी ती माझ्यासमोर ठेवायची आणि बाजूला व्हायची. मीनल केसांना तेल लावून घ्यायला शेजारच्या बेनकडे जायला लागली. दिवाळीच्या पहाटे सुमन पाट मांडायची, रांगोळी काढायची, ओवाळायची, सगळं करायची. अंगाला हात मात्र लावायची नाही.

पुढे काकांना मुलगा न्यूझीलंडला घेऊन गेला. पूड यायची बंद झाली, आणि माझा कावाही. मी सोडला नाही, संपला म्हणून सुटला. कातडी साफ झाली ती आजतागायत. सुमनच्या लेखी तो दुसरा पुरावा. हात लावणं बंद केलं आणि हे बरे झाले. तिला चुकीचं कसं म्हणणार? समोर दिसेल त्यावरून माणूस ठरवतो, आणि समोर काय दिसावं ते मी ठरवत होतो.

इतकी वर्षं गेली, ही जुनी गोष्ट आहे असं मीही धरून चाललो होतो. दोन महिन्यांपूर्वी मीनल बाळंतपणाला आमच्याकडे आली. मुलगी झाली. घरी आणल्यावर मीनल म्हणाली, आई, मालीश तूच कर, बाहेरची बाई नको. सुमनने दोन्ही हात पदराखाली घेतले. म्हणाली, “मी नाही गं बाई. पोरीची कातडी केवढी नाजूक.” मीनल वैतागली, काहीतरीच काय आई, अजून तेच घेऊन बसलीस? तेव्हा सुमन म्हणाली, “बाबांना विचार.”

दोघी माझ्याकडे बघत होत्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. काका कधीच गेले, तो ओटा पाडून तिथे पार्किंग झालं, मला कुणाची भीती उरली नव्हती. सख्खं नातवंड समोर होतं. मी म्हणालो, “राहू दे ना. येते तर बाई.”

आता रोज सकाळी मालीशवाली येते. सुमन दाराशी उभी राहून बघते, जरा हलक्या हाताने, म्हणून सांगते. अंघोळीचं पाणी तीच तापवते. पण त्यात हात घालत नाही. पाणी बेताचं झालंय का ते बघायला मला हाक मारते. मी जातो, बोटं बुडवतो आणि झालंय म्हणून सांगतो.